तीन मिलिमीटरचा युक्तिवाद

जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूर, सावदा, रावेर या केळीपट्ट्यात जागतिक तापमानवाढीचा विषय निघाला की पहिलं उत्तर तयार असतं. इथं थंडीत पारा आठ-दहा अंशांवर उतरतो आणि मे महिन्याच्या दुपारी पंचेचाळीसला जाऊन टेकतो. वर्षाकाठी पस्तीस अंशांचा फरक अंगावर काढणाऱ्या माणसाला दीड अंशाचं भय काय दाखवता, भाऊ? दुसरं उत्तर जरा शिकल्यासवरल्या माणसाचं असतं. आलेख काढणाऱ्यांनी उभा अक्ष मुद्दाम ताणला आहे, टेकडीचा सातपुडा केला आहे. तोच अक्ष शून्यापासून घेऊन पाहा, सगळी चढण सपाट होईल, असं तो म्हणतो.

दुसरं उत्तर हे पहिल्याचंच गणिती रूप आहे. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत असं माझं मत आहे, पण ती खुळी नाहीत. आलेखाचा कागद हाताळलेल्या कुणालाही ती पटण्यासारखी आहेत. त्यामुळे 'शास्त्रज्ञ सांगतात म्हणून' एवढ्यावर त्यांची बोळवण करता येत नाही, आणि नेमकं तेच आपल्याकडे होतं. म्हणून आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडतो.

जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबानं २०२४ मध्ये पृथ्वीच्या पृष्ठभागाचं सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंश सेल्सिअसनं जास्त होतं. आता आलेखाचा कागद घ्या. उभा अक्ष शून्य ते पन्नास अंश, उंची दहा सेंटिमीटर; म्हणजे एका अंशाला दोन मिलिमीटर. सव्वाशे-दीडशे वर्षांची सगळी वाढ तीन मिलिमीटरमध्ये आटोपली. पेन्सिलीला टोक नसेल तर ती रेघेच्या जाडीतच बुडायची. अमेरिकेतल्या 'नॅशनल रिव्ह्यू' या उजव्या विचारांच्या नियतकालिकानं २०१५ च्या डिसेंबरात हाच प्रयोग जगापुढे ठेवला. आकडे नासाचे, अक्ष उणे १० ते ११० अंश फॅरनहाइट, आणि १८८० पासूनची रेघ जवळजवळ आडवी. हवामानबदलाबद्दल हा एकच आलेख पाहिला तरी पुरे, असा त्यामागचा दावा. त्यात आकडा खोटा नव्हता, अक्षही खोटा नव्हता. (जाता जाता एक गंमत. ११० अंश फॅरनहाइट म्हणजे ४३.३ सेल्सिअस. एवढा ऐसपैस अक्ष घेऊनही भुसावळची मे महिन्यातली दुपार त्यात मावत नाही. ती कागदाच्या वर निघून जाते.)

या पक्षाच्या पाठीशी एक नावाजलेलं पुस्तकही आहे, डॅरेल हफ यांचं १९५४ सालचं 'हाऊ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स'. अक्षाचा खालचा भाग कापून किरकोळ वाढ डोंगराएवढी कशी दाखवता येते, हे हफ यांनी त्यात झकास उलगडलं. तेव्हापासून 'अक्ष शून्यापासून' हा नियम वर्तमानपत्राच्या कचेरीपासून शाळेच्या फळ्यापर्यंत रुजला. नियम चांगला आहे. तो कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

हफ यांच्या आलेखांत पैसा आहे, उत्पन्न आहे. पैशाच्या शून्याला अर्थ असतो: शून्य रुपये म्हणजे काहीच नाही, आणि वीस रुपये दहाच्या दुप्पट. तापमानाचं तसं नाही. वीस अंश सेल्सिअस हे दहा अंशांच्या दुप्पट गरम नसतं, कारण सेल्सिअसच्या शून्यावर पाणी गोठतं, उष्णता संपत नाही. स्वीडनच्या आंदर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हा तर पाणी उकळण्याला शून्य होता आणि गोठण्याला शंभर. पट्टी पुढे उलटी केली गेली. फॅरनहाइटचा शून्य बर्फ आणि क्षारांच्या मिश्रणावरून आलेला आहे. अस्सल शून्य हवा असेल तर केल्विनकडे जावं लागतं, सेल्सिअसच्या शून्याच्या खाली २७३.१५ अंश. मग 'शून्यापासून' म्हणजे नेमकं कुठल्या शून्यापासून? तीन मोजपट्ट्या, तीन शून्य, एकाच आकडेवारीची तीन चित्रं. ज्या युक्तिवादाचं उत्तर माणूस अमेरिकेत राहतो की भारतात यावर बदलतं, त्याला गणित म्हणवत नाही.

आणि केल्विनचा अस्सल शून्य स्वीकारलाच, तर फैजपूरचा जानेवारी आणि फैजपूरचा मे यांच्यातला पस्तीस अंशांचा फरकही दहा सेंटिमीटरच्या कागदावर जेमतेम एक सेंटिमीटर उरतो. म्हणजे ज्या जोरावर 'आम्ही पस्तीस अंश पचवतो' असं म्हटलं, तो जोरच या नियमानं वाहून गेला. थंडी आणि उन्हाळा ज्या कागदावर शेजारीशेजारी बसतात, त्या कागदावरून तापमानाविषयी कुठलाही निकाल देता येत नाही.

एक कबुली इथं द्यायला हवी. तापमान स्तंभालेखात दाखवलं आणि स्तंभ चाळीसपासून सुरू केले, तर ती फसवणूकच आहे. स्तंभाची लांबी डोळा आपोआप मापतो. एक्केचाळीसच्या शेजारी त्रेचाळीसचा स्तंभ तिप्पट उंच दिसला की वाचणारा तिपटीचाच विचार करतो. उन्हाळ्यात अशी चित्रं कितीतरी वेळा छापून येतात. रेषालेखात डोळा लांबी मापत नाही, चढउतार आणि उतरणीचा कल मापतो, म्हणून तिथं हा आक्षेप टिकत नाही. 'अक्ष शून्यापासून' हा नियम स्तंभांचा. तो रेघेवर लादला गेला.

मग रेघेचा अक्ष कुठून कुठपर्यंत घ्यायचा? मनाला येईल तसा नाही. याचं उत्तर फैजपूरच्या माणसाला पाठ आहे, फक्त तो ते आलेखाच्या भाषेत मांडत नाही. तापीवरच्या हतनूर धरणाची पाणीपातळी पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात येते, आणि ती समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असते. धरणाची पूर्ण संचय पातळी २१४ मीटर. पातळी दोनशे नऊवर असली तर गोष्ट वेगळी, दोनशे तेरावर गेली तर वेगळी. त्या चार मीटरांत एक्केचाळीस दरवाज्यांपैकी किती उघडायचे, किती उंचीनं उघडायचे आणि तापीकाठच्या कुठल्या गावांना सावध करायचं, हे सगळं ठरतं. ही पातळी समुद्रसपाटीच्या शून्यापासून काढा. २०९ आणि २१३ यांत दोन टक्क्यांचाही फरक नाही. रेघ सपाट येईल आणि पूर दिसणारच नाही. असा आलेख कुणी अभियंत्यापुढे ठेवला आणि वर 'प्रामाणिक अक्ष' म्हणून मिरवला, तर त्याला धरणावरून हाकलतील. धरणाच्या पातळीचा आलेख ज्या मर्यादेत ती पातळी खरोखर वावरते आणि ज्या मर्यादेत काही घडतं तेवढ्याच मर्यादेत काढतात. तापमानालाही हेच लागू आहे: अक्ष त्या राशीच्या वावरावरून आणि तिच्या परिणामांवरून ठरवायचा.

तर मग पृथ्वीच्या सरासरी तापमानाचा वावर किती? सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, कॅनडा आणि उत्तर युरोप किलोमीटर-किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या पृथ्वीचं सरासरी तापमान कारखानदारीपूर्व काळापेक्षा किती कमी होतं? आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार पाच ते सात अंशांनी. बस्स. शून्य ते पन्नासच्या कागदावर अख्खं हिमयुग दीड सेंटिमीटरच्या आत बसतं. त्यानंतरच्या स्थिर काळात, ज्या काळात माणसानं शेती केली, गावं वसवली, त्यात ही सरासरी फार हललीच नाही. साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या उबदार शतकांतही ती १८५०–१९०० पेक्षा ०.२ ते १ अंशानं जास्त असावी, असा त्याच अहवालाचा अंदाज आहे. एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जाताना, प्रशांत महासागराचं पाणी तापवणारा एल निनो आला-गेला तरी, ती एखाद-दोन दशांश अंशानं वरखाली होते. हा तिचा वावर. या वावरात दीड अंश ठेवून पाहायचा. भुसावळच्या दुपारच्या वावरात तो ठेवणं म्हणजे दुसऱ्याच राशीच्या मापानं पहिलीला मोजणं आहे.

यावर चलाख वाचक एक प्रश्न टाकेल, आणि तो टाकायलाच हवा. जागतिक सरासरी दर वर्षी हलतेच की! हो, हलते. जमीन उत्तर गोलार्धात जास्त आहे आणि ती समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून जुलैची जागतिक सरासरी जानेवारीपेक्षा जवळपास चार अंशांनी जास्त असते. मग दीड अंशाचं एवढं कौतुक का? कारण जुलैतले ते चार अंश जानेवारीत परत जातात. फैजपूरचे पस्तीस अंशही तसेच, मे महिन्यात आलेले आणि डिसेंबरात गेलेले. आलेखातून ही ऋतूंची ये-जा काढून टाकली की जे मागे राहतं, त्याचीच रेघ ओढलेली असते. हा दीड अंश आला तो मुक्कामाला आला. येऊन जाणारा फरक आणि येऊन बसलेला फरक यांना एका रांगेत उभं करायचं, ही पूर्वपक्षाची खरी गफलत. अक्षाचा वाद हा तिचा नुसता वेश आहे.

आता पहिल्या उत्तराकडे, पस्तीस अंश पचवणाऱ्याकडे. केळी पस्तीस अंश पचवत नाही. ती सोसते, आणि कुठल्या तरी उंबरठ्यावर सोसणं संपतं. पहाटेचा पारा फार उतरला तर बागेला चरका लागतो. जून-जुलैत लावलेल्या मृगबागेचे घड पुढच्या उन्हाळ्यात ऐन भरात झाडावर असतात. तेव्हा गरम झळा सुरू झाल्या की पानं करपतात, घड सटकतात. ऑक्टोबरच्या कांदेबागेला उन्हाळा वेगळ्या वयात भेटतो, पण भेटतोच. बांधावर शेवरी आणि गजराज गवत लावून वारा अडवायची रीत या पट्ट्यात आहे, ती हौस म्हणून नाही. या उंबरठ्यांना सरकारनंही मान्यता दिली आहे. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत तापमानामुळे झालेलं केळीचं नुकसान पाहायला बागेत कुणी येत नाही. ठरलेल्या काळात, ठरलेल्या तापमानाच्या वर किंवा खाली, सलग ठरलेले दिवस गेले की नाही, एवढंच महसूल मंडळाच्या हवामान केंद्राच्या नोंदीत पाहतात.  त्या नोंदीतला अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर भरपाई मिळते किंवा बुडते. यावल-रावेरातल्या ज्या शेतकऱ्यानं असा अर्धा अंश सरकारी कागदावर शोधला असेल, त्याला 'एका अंशानं काय होतं' हे वाक्य तरी तोंडी शोभत नाही.

उंबरठ्याचा हिशेब सरासरीच्या हिशेबापेक्षा वेगळा चालतो, आणि सगळ्यात मोठी दिशाभूल इथंच होते. प्रसामान्य वितरण धरलं तर सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांच्या (सरासरीभोवतीचा पसारा मोजायचं एकक ते प्रमाण विचलन) वर जाणाऱ्या घटना शंभरात सव्वादोन असतात. सरासरी एका प्रमाण विचलनानं वर सरकली, तर त्याच जुन्या रेषेच्या वर शंभरात जवळजवळ सोळा घटना जातात. सरासरी थोडी सरकली. टोकाचे उन्हाळे सातपट झाले. सरासरीचा आलेख पाहून हे कळत नाही, हे मात्र मी पूर्वपक्षाला मोकळ्या मनानं देऊन टाकतो. जागतिक तापमानाची रेघ शेतकऱ्याला घाबरवायला निघाली तर ती फसतेच. त्याला हवी ती उंबरठ्याची मोजणी.

आणखी एक आक्षेप थोडक्यात उरकतो, कारण तो दुबळा आहे. 'सरासरी तापमान' असं काही नसतंच. भुसावळ आणि आइसलँड यांची सरासरी काढून काय मिळणार, असं विचारलं जातं. मिळतं ते कुणाच्या अंगाला लागणारं तापमान नाही, हे खरंच. म्हणूनच तर आलेखात सहसा तापमान नसतं, सरासरीपासूनचं विचलन असतं. यामागचं कारण सातपुड्यातच पाहता येईल. रावेर तालुक्यातलं पाल डोंगरात आहे, भुसावळ तापीच्या काठी. दोन्हीकडे तापमापक ठेवले आणि त्यांची साधी सरासरी काढत गेलं, तर ज्या वर्षी पालचा तापमापक बंद पडेल त्या वर्षी सरासरी उडी मारेल, हवा तसूभरही न तापता. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणानं स्वतःच्याच जुन्या सरासरीशी तुलना केली तर ही उडी नाहीशी होते. पाल थंड राहो, भुसावळ गरम राहो. एखादा उन्हाळा नेहमीपेक्षा दोन अंशांनी जास्त असला तर तो बहुधा दोन्हीकडे जास्त असतो. जेम्स हान्सन आणि सर्गेज लेबेदेफ यांनी १९८७ मध्ये दाखवलं की विचलनांची ही सोबत हजार-बाराशे किलोमीटरपर्यंत टिकते. पृथ्वीची सरासरी काढता येते ती या सोबतीच्या बळावर.

सिमेंटचा आक्षेप जास्त वजनदार आहे. जळगाव वाढलं, भुसावळ वाढलं, तापमापकाभोवती इमारती आल्या, डांबरी रस्ते आले. मग पारा चढणार नाही तर काय? शहरं तापतात, हे निर्विवाद. पण ती तापतात मुख्यतः रात्री. दिवसभर साठलेली उष्णता भिंती आणि रस्ते रात्री सोडतात, म्हणून शहरी उष्णता किमान तापमानात जास्त दिसते. आता भारतीय हवामान विभागाचे १९०१ ते २०२० चे देशव्यापी आकडे पाहा. कमाल तापमान शंभर वर्षांमागे ०.९९ अंशानं वाढलं, किमान ०.२४ अंशानं. सिमेंट हेच कारण असतं तर हे आकडे उलटे यायला हवे होते. शिवाय पृथ्वीचा सत्तर टक्के पृष्ठभाग समुद्र आहे, तिथं कुणी डांबर ओतलेलं नाही, आणि तोही तापला आहे. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना हाच संशय होता. जुन्या आलेखांवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी 'बर्कली अर्थ' या नावानं स्वतंत्र गणित मांडलं, त्याला पैसा देणाऱ्यांत चार्ल्स कोक यांचं प्रतिष्ठानही होतं, आणि कोक म्हणजे तेलाच्या धंद्यातलं घराणं. २०११-१२ मध्ये उत्तर आलं ते नासाच्याच रेघेशी जुळणारं. म्युलर यांनी आपलं मत बदलल्याचं जाहीर लिहिलं. खंडन-मंडनाच्या वादात प्रतिपक्षाचा साक्षीदार आपल्या बाजूनं बोलतो असं क्वचित घडतं, म्हणून त्याचा उल्लेख केला.

त्याच हवामान विभागाच्या आकड्यांत पूर्वपक्षाला सोयीचंही काही आहे, ते लपवून चालणार नाही. भारताचं सरासरी तापमान शंभर वर्षांमागे ०.६२ अंशानं वाढलं, म्हणजे जगाच्या मानानं कमी. यावर 'बघा, आमच्याकडे नाहीच' असं म्हणणारे भेटतात. पण जगाची सरासरी उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशांनी वर ओढलेली आहे. भारतावर धुळीचा आणि धुराचा थर आहे, तो ऊन अडवतो. सिंचनाखालची जमीनही हवेला थोडी गारवते. धुराच्या कृपेनं आलेला गारवा ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नव्हे. आणि २०२४ हे वर्ष १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातलं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं.

हे आलेख म्हणजे अलीकडच्या परिषदांचं, संगणकांचं आणि अनुदानांचं पीक आहे, असंही ऐकू येतं. फैजपूरकरांना काळाची एक खूण सांगतो. गावात काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं १९३६ च्या डिसेंबरात, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते आणि चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूकामातून अधिवेशनाचं टिळकनगर उभं केलं होतं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, गाय स्ट्युअर्ट कॅलेंडर या इंग्रज वाफयंत्र-अभियंत्यानं जगभरच्या १४७ केंद्रांच्या नोंदी हातानं जुळवून पृथ्वी तापत असल्याचं दाखवलं आणि त्याचा संबंध कोळशासारखं इंधन जाळून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडशी जोडला. तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघ नव्हता. हवामानबदल समिती तर थेट १९८८ ची. रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीतल्या तज्ज्ञांनी शंकाच काढल्या. पुढे आधुनिक आकड्यांशी ताडून पाहिलं तेव्हा कॅलेंडर यांची रेघ आश्चर्य वाटावं इतकी बरोबर निघाली. आणि त्यांना ही वाढ घातक वाटतच नव्हती. उत्तरेकडच्या शेतीला ती हितकारक ठरेल, पुढचं हिमयुग लांबणीवर पडेल, असं त्यांचं मत होतं. भय पसरवायला आलेख काढला म्हणावं तर हा आलेख काढणारा खूष होता.

मग तापमानाच्या आलेखांत लबाडी होतच नाही का? होते, पण ती उभ्या अक्षाच्या तळाशी शोधणाऱ्याला सापडत नाही. ती आडव्या अक्षाच्या डाव्या टोकाला असते. १९९८ साली प्रचंड एल निनो होता. त्या वर्षापासून रेघ सुरू केली की २०१२ पर्यंत तापमानवाढ जवळजवळ थांबलेली दिसते. हवामानबदल समितीच्या २०१३ च्या अहवालातही त्या पंधरा वर्षांचा वेग दशकाला ०.०५ अंश आणि १९५१ पासूनचा ०.१२ अंश असा दिलेला आहे. किती वर्षं लोक त्या पंधरा वर्षांच्या तुकड्यावर जगले! सुरुवातीचं वर्ष दोन घरं मागे घेतलं तरी चित्र बदलायचं. दुसरी जागा म्हणजे तुलनेचा काळ. १८५०–१९०० शी तुलना केली की वाढ दीड अंश दिसते, १९९१–२०२० शी केली की त्याच वर्षाची वाढ निम्म्याहून कमी. रेघेचा आकार तोच राहतो, शून्याची आडवी रेषा फक्त वर सरकते. पण बातमीत तुलनेचा काळ न लिहिता नुसता आकडा छापला, तर वाचकाला दोन वर्तमानपत्रांत दोन पृथ्व्या भेटतात. ही वगळावगळ मराठी बातम्यांत सर्रास चालते.

उत्तरपक्षाच्या गोटातही मला सगळंच पसंत नाही. रेडिंग विद्यापीठाचे एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये काढलेले निळ्यापासून लालापर्यंतचे हवामानपट्टे जगभर गेले. आकडा नाही, अक्ष नाही, प्रत्येक वर्षाला एक रंगीत पट्टी. देखणे आहेत, आणि कल एका नजरेत कळतो. मात्र ज्याला संशय आहे त्याच्या हातात ते काहीच देत नाहीत. त्याला विचारायचं असतं की लाल कुठून सुरू केलात, आणि पट्ट्यांपाशी त्याचं उत्तर छापलेलं नसतं. दूरचित्रवाणीवरचे उन्हाळी नकाशे तर त्याहून वाईट. चाळीसच्या वर लाल, पंचेचाळीसच्या वर काळपट लाल, अशी रंगपट्टी धरली की खानदेश दर एप्रिलमध्ये लालच असणार. आजोबांच्या काळीही असता. जे चित्र दर वर्षी तेच दिसतं त्यातून बदल कसा दिसणार? 'आमच्याकडे नेहमीच ऊन असतं' या पहिल्या उत्तराला खतपाणी घालण्याचं काम हे नकाशे इमानेइतबारे करतात.

यावल-रावेरसाठी आलेख काढायचा तर तो वेगळा हवा. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर केळीला सोसवणार नाही अशा तापमानाचे दिवस. दिवसांना खरा शून्य असतो, म्हणून इथं अक्ष शून्यापासून घ्यावा आणि स्तंभही काढावेत. हफ यांचा नियम इथं चपखल बसतो. आकडे कुठून आणायचे? महसूल मंडळांतली केंद्रं 'महावेध' प्रकल्पाची, राज्यभरात दोन हजारांहून अधिक. विम्याला ती उपयोगी आहेत, पण ती उभी राहिली २०१७ च्या सुमारास. हवामानाची सरासरी ठरवायला तीस वर्षं लागतात असा जागतिक दंडक आहे, म्हणजे या केंद्रांवरून कल सांगायला २०४७ उजाडेल. तोवर कुणी दोन उन्हाळ्यांची तुलना करून 'वाढलं' किंवा 'नाही वाढलं' असं ठोकून दिलं, तर दोघंही सारखेच चूक. जुन्या नोंदी आहेत त्या पुण्यात. हवामान विभागाचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून तिथं आलं, म्हणून त्या कार्यालयाजवळच्या चौकाला आजही शिमला ऑफिस म्हणतात. १९५१ पासूनचे रोजचे कमाल-किमान आकडे, ३९५ केंद्रांच्या नोंदींवरून एकेक अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकोनांत मांडलेले, हवामान विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही मिळतात. चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा, म्हणजे फैजपूर, भुसावळ आणि पाल बहुतेक एकाच घरात येतील, आणि पालचा गारवा भुसावळच्या उन्हात मिसळून जाईल. त्यामुळे त्यावरून उंबरठ्याचे दिवस मोजताना भुसावळसाठी ते कमी आणि पालसाठी जास्त भरतील, हे आलेखाखाली लिहावं लागेल. एवढं लिहून तो आलेख फैजपूरच्या महाविद्यालयातला भूगोलाचा एखादा विद्यार्थी एका सुट्टीत काढू शकेल.